लेनर्ड विक्सच्या बाकावर लेनर्ड विक्स

गुरुवार होता, म्हणजे बाजाराचा दिवस. मी दुकानाच्या काचेत पडद्याचं नवं कापड लावत होते. तोंडात टाचण्या होत्या आणि सहज चौकाकडे नजर गेली. चेस्टनटच्या झाडाखाली, लेनर्डच्या बाकावर, एक म्हातारा पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेली कचोरीसारखी गोष्ट, खात बसला होता. त्यात काही विशेष नव्हतं. बाजारच्या दिवशी पाहुणे तिथे बसतातच, ते बाक त्यासाठीच आहे. मग म्हाताऱ्याने कागदाने तोंड पुसलं, मान वळवली आणि मला त्याचे कान दिसले.

तसे कान आमच्या टॅन्सलो गावात एकाच माणसाला होते, आणि तो माणूस वीसेक वर्षांपूर्वी वारला होता.

त्या वेळी मी टाचणी गिळली कशी नाही, याचंच मला अजून नवल वाटतं. मी मशीनच्या स्टुलावर मटकन बसले, उठले, पुन्हा काचेशी गेले. लेन विक्सच होता. माझ्या दुकानाच्या शेजारी जे लोखंडी सामानाचं दुकान होतं, तिथे तो काउंटरवर असायचा. माझ्या पहिल्या पडद्यांचे दांडे त्यानेच कापले होते. सगळेच्या सगळे आखूड कापले आणि वर मलाच म्हणाला, तुमची टेप चुकीची आहे. तो माणूस आता स्वतःच्याच बाकावर बसला होता. त्याच्या खांद्यामागे पितळेची पट्टी चमकत होती, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं: लेनर्ड विक्स, या चौकावर त्याचा जीव होता.

भूत म्हणावं तर भूत पोर्क पाय खात नाही, आणि खाल्लंच तरी वर मोहरीची चटणी मागून घेत नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते. अकराला डोरीन पाहुण्यांना गाव दाखवायला बटर क्रॉसपासून, जुन्या लोणीबाजाराच्या दगडी मंडपापासून, निघते, आणि तिचा तिसरा थांबा ते बाक असतो. डोरीन म्हणजे लेनची बायको. लेनची विधवा, असं मी त्या क्षणापर्यंत म्हणत आले होते.

डोरीन विक्स कोण होती आणि कोण झाली, हे सांगितल्याशिवाय मी घरातल्या सपाता घालून रस्त्यावर का धावले ते कळायचं नाही.

आम्ही टॅन्सलोत राहायला आलो, आमच्या ह्यांना इथल्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून, तेव्हा डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला होती. उंच, खांदे पाडून चालणारी बाई. भाजीवाल्याने विचारलं, बटाटे किती देऊ, तर म्हणायची, "लेनला विचारून सांगते." एकदा माझ्या दुकानात लाल स्कार्फ हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होती. लेन दारातूनच बोलला, "डोरीनला लाल आवडत नाही." तिने स्कार्फ घडी करून परत ठेवला. माझा संताप झाला होता, त्याच्यापेक्षा तिच्यावरच जास्त. असली माणसं मला सहन होत नाहीत. मला मनात आलेलं ओठावर आणायची सवय, आणि या गावात तर ओठावर येणारी एकच गोष्ट, ती म्हणजे आज हवा कशी आहे.

मग लेन गेला. एका रविवारी संध्याकाळी चर्चच्या घंटा काही वेगळ्याच वाजायला लागल्या. एक टोला खणखणीत, आणि त्याच्यामागचा टोला दुलईखालून आल्यासारखा. घंटेच्या आतल्या लोळीला एका बाजूने चामडं बांधलं की तशी वाजते, आणि ते फक्त कुणी गेलं की बांधतात. शेजारची पॉलीन, चहाचं दुकान चालवते ती, मागच्या अंगणात कपडे काढत होती. "कोण गेलं गं?" मी विचारलं. ती चिमट्यांकडेच बघत म्हणाली, "लेन विक्ससाठी आहे." मी तिथेच रडले. माणूस मला आवडत नव्हता, पण रोज दिसणारा माणूस होता, आणि परक्या गावातलं ते माझं पहिलं मरण होतं. मी मुगाची खिचडी केली आणि डोरीनकडे घेऊन गेले. दारात मलाच हुंदका आला. डोरीनने पातेलं घेतलं, माझ्याकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "तू फार चांगली आहेस." तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला.

त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात मी आमच्या माणसांबरोबर लेनच्या नावानेही एक घास बाजूला काढला. त्याला मूलबाळ नव्हतं, त्याचं कोण करणार? पुढेही दरवर्षी काढत गेले. टॅन्सलोचे कावळे माझ्या मागच्या अंगणात लेन विक्सच्या नावाने जेवून गेले, चांगले तृप्त होऊन गेले.

लेन घंटा वाजवणाऱ्यांच्या मंडळीतला, म्हणून त्यांनी मिळून बाक बसवलं. त्या दिवशी डोरीन बाकाशेजारी ताठ उभी होती, चेहरा राखेसारखा, आणि कुणी कितीही म्हटलं तरी बसली नाही. त्याच उन्हाळ्यात पाहुण्यांची एक बस आली. गाव दाखवायचे ते मास्तर गुडघा धरून घरी बसले होते. घंटावाल्यांचा म्होरक्या हॅरल्ड मिंचिन म्हणाला, "डोरीनला सांगा. ती दाखवेल." मला वाटलं, हा चेष्टा करतोय. डोरीन बटर क्रॉसखाली उभी राहिली. मग तिने खांबावरचे ओरखडे दाखवले. लोणी विकायला येणाऱ्या बायका आपली जागा दुसरीने घेऊ नये म्हणून दगडावर खूण करून ठेवायच्या, ते ओरखडे. "ही बघा, हिने दुसरीची खूण खरडून काढलीय," ती म्हणाली, "आणि हिने परत केलीय." लोक हसले. डोरीन दचकली, आणि मग तीही हसली.

त्या दिवसापासून ती थांबली नाही. दर गुरुवारी, पाऊस असो नाहीतर बर्फ. गोल दगडी तुरुंगात, पूर्वी बाजारच्या दिवशी दारुड्यांना कोंडायचे तिथे, ती पाहुण्यांमधल्या सगळ्यात बडबड्या माणसाला आत घालून बाहेरून कडी लावायची. वस्तुसंग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या माशाचा एक डोळा बाहुलीचा आहे हे ती मुलांच्या कानात सांगायची. कुणाकडचा पोर्क पाय चांगला, कुठल्या म्हातारीच्या दारात मुरंबा ठेवलेला असतो, चर्चच्या मनोऱ्यावरून टेकड्या कधी निळ्या दिसतात, सगळं तिला विचारावं. बर्मिंगहॅमहून दुसऱ्यांदा येणारे लोक उतरल्या उतरल्या विचारायचे, "डोरीन आहे ना?" गावात बघायला काय आहे, तर चर्च आहे, तुरुंग आहे, मासा आहे आणि डोरीन आहे. तिने लाल स्कार्फ विकत घेतला. चौकात उलटी गाडी घालणाऱ्या ट्रकवाल्याला तिने असं झापलं की तो खाली उतरून माफी मागून गेला. आणि बाकापाशी आली की फक्त एवढंच म्हणायची, "हे माझ्या नवऱ्याचं. बसा, पाय मोकळे करा." लोक आवाज खाली आणायचे. एखादी बाई तिचा हात दाबायची.

तर ती डोरीन आता थोड्याच वेळात त्या बाकासमोर येणार होती, आणि बाकावर नवरा पोर्क पायचा चुरा झटकत बसला होता. त्याने तोंड उघडलं की संपलं. ज्या बाईने गावाला इतकी वर्षं फसवलं तिच्याकडे हे गाव परत बघणार नाही, असं मला वाटलं. तेव्हा मी सपाता फटकावत हॅरल्डच्या चीजच्या गाड्याशी पोचले.

"हॅरल्ड, बाकावर लेन विक्स बसलाय."

"बघितलं," तो म्हणाला, आणि समोरच्या बाईला विचारलं, "पातळ कापू का जाड?"

"अरे, लेन विक्स. मेलेला."

"दहाच्या बसने उतरला. कंबरेत वाकलाय जरा." त्याने बाईच्या हातात पुडकं दिलं. "काळजी घ्या, पायऱ्या ओल्या आहेत."

बाई गेल्यावर मी गाड्याच्या पुढे वाकले. "हॅरल्ड, इकडे बघ माझ्याकडे. तो मेलाय ना?"

हॅरल्डने चीज कापायची तार फडक्याने पुसली. "तसं म्हणशील तर, नाही."

"तसं म्हणजे कसं? मेला म्हणजे मेला. त्यात तसं आणि असं काय असतं?"

"हळू बोल की गं बाई." त्याने आजूबाजूला पाहिलं. "तो सँड्राबरोबर गेला. केस कापायची ती सँड्रा. ब्लॅकपूलला गेले दोघं. त्याची पेटी मीच गाडीत चढवली. मला म्हणाला, कंबर धरलीय, जरा हात लाव."

मी गाड्याची फळी घट्ट धरली. "मग घंटा? चामडं बांधून वाजवलीत ती?"

"नवे पाद्री आले होते ना तेव्हा. त्यांचा पहिलाच रविवार. डोरीन काळा कोट घालून एकटी बसलेली, आणि आदल्या दिवशी, लोक जुने कपडे दान देतात त्या धर्मादाय दुकानात त्यांनी लेनचे सगळे कपडे आलेले पाहिले होते. त्यांनी बांधला अंदाज. प्रार्थनेत मोठ्याने नाव घेऊन लेनच्या आत्म्याला शांती मागितली."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? आमेन म्हणालो."

"अख्खं चर्च आमेन म्हणालं?"

"मधेच कसं बोलायचं? नंतर दारात सांगणार होतो त्यांना, पण मागे रांग होती. दुपारी त्यांचा निरोप आला, संध्याकाळी घंटा वाजवा म्हणून. पहिलाच आठवडा बिचाऱ्यांचा, तोंडावर पाडायचं का त्यांना?"

"आणि डोरीन? ती बोलली नाही काही?"

"तीही आमेन म्हणाली," हॅरल्ड म्हणाला. "सगळ्यात शेवटी."

"आणि बाक? बाक कुणी बसवायला सांगितलं होतं तुम्हाला?"

"घंटा वाजवल्यावर बाक नको? लोक काय म्हणाले असते?"

"कुठले लोक? माहीत कुणाकुणाला होतं?"

"सगळ्यांनाच." त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "त्या शनिवारी गावातल्या निम्म्या बायकांच्या सँड्राकडे केसांच्या वेळा ठरलेल्या होत्या. पॉलीन तर तिच्या बंद दुकानाच्या दारात तासभर उभी होती. तुला कसं कळलं नाही?"

माझा हात आपोआप वेणीकडे गेला. जन्मात मी सँड्राकडे केस कापायला गेले नव्हते. एका वेणीपायी मी इतकी वर्षं एका जिवंत माणसाचं श्राद्ध घालत होते.

मला कुणी सपकन तोंडात मारल्यासारखं झालं. मग एकेक आठवायला लागलं. नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांची नावं वाचतात, तिथे डोरीनने लेनचं नाव कधी दिलं नव्हतं. विधवांना मिळतो तो भत्ता तिने कधी घेतला नव्हता, आणि मी लोकांना सांगत फिरले होते, किती स्वाभिमानी बाई आहे म्हणून. ते लोक माझ्याकडे बघून मान हलवत होते. ज्यांना सगळं माहीत होतं ते लोक.

"डोरीनला ठाऊक आहे का," मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे हे?"

"कुणास ठाऊक," हॅरल्ड म्हणाला. "कधी विचारलं नाही."

तेवढ्यात लेन उठला. उठताना त्याने बाकाच्या पाठीला धरलं, त्याची बोटं पट्टीवर पडली, आणि त्याने खाली वाकून वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग तो मोठ्याने हसला आणि हसतच आमच्याकडे आला. मला त्याने पाहिलं नाही.

"हॅरल्ड, म्हाताऱ्या. अरे मारून टाकलंत की मला."

हॅरल्डने एप्रनला हात पुसले. "नमस्कार," तो म्हणाला. "पहिल्यांदाच येताय का टॅन्सलोला?"

"बरं, बरं. पुरे चेष्टा."

"चर्च आवर्जून बघा. आज मनोराही उघडा आहे. वस्तुसंग्रहालय दुपारी उघडतं, त्यातला मासा चांगला आहे. नदीच्या काठाने जाणार असाल तर बूट हवेत, चिखल झालाय."

"अरे, त्या मनोऱ्यात तुझ्या शेजारी उभं राहून मी दोर ओढलाय, गाढवा."

"चीज चाखून बघता का थोडं? पाहुण्यांना हे आवडतं."

हॅरल्डच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तो दर गुरुवारी परक्या माणसाशी बोलतो तसाच बोलत होता. लेन हसत पुढे गेला, रोपं विकणाऱ्या बाईकडे. तिने त्याला सांगितलं की गोल तुरुंग बघितल्याशिवाय जाऊ नका, फोटो छान येतो. भाजीवाल्याने नदीवरच्या जुन्या पुलाची वाट दाखवली. खाटकाने, सकाळी त्यानेच याला पोर्क पाय विकला होता, विचारलं, "मुक्काम आहे की संध्याकाळी परत?" लेन पॉलीनच्या दारात गेला. तोवर त्याचं हसू निम्मं उतरलं होतं.

"पॉलीन, तू तरी. तुझ्या लग्नात मी नाचलोय."

"आत जागा आहे, पण बाहेर ऊन छान आहे," पॉलीन म्हणाली. "स्कोन आत्ताच भट्टीतून काढलेत. चहा झाल्यावर अनाथ म्हाताऱ्यांची ती जुनी घरं बघून घ्या, बागा सुंदर आहेत. पाहुणे खूश होतात."

कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. कुणी एकमेकांकडे पाहिलंही नव्हतं. अख्ख्या बाजाराने मिळून एका माणसाला पाहुणा करून टाकलं होतं, त्याच्याच गावात, त्याच्याच नावाच्या बाकासमोर. मी आयुष्यात भांडणं पुष्कळ पाहिली, थोबाडीत मारलेल्या पाहिल्या, पण इतकं भयंकर काही पाहिलं नव्हतं. चोरालाही लोक चोर म्हणून ओळखतात. लेनचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातला रंगच गेला. त्याने परत जाऊन पट्टी वाचली, जणू तिच्यावर काहीतरी वेगळं लिहिलेलं निघेल.

मग त्याला मी दिसले. तो थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जवळून फार म्हातारा दिसत होता. कोटाचं एक बटण लोंबत होतं.

"तुम्ही पडदेवाल्या ना? तुम्ही इथल्या नाही. तुम्ही खरं बोलाल." त्याने आवाज खाली आणला. "मी लेन आहे की नाही?"

आखूड दांडे, सँड्रा, खिचडी, कावळे, सगळं माझ्या जिभेवर आलं. याला काय काय सुनवायचं ते मनात तयार होतं. आणि मी माझ्याच कानांनी ऐकलं ते असं: "बसचा थांबा चर्चच्या मागे आहे. पुढची बस थोड्या वेळात आहे."

मी स्वतःच हबकले. या गावाचं पाणी माझ्या अंगात कधी भिनलं, मला कळलंच नव्हतं.

"सँड्रा गेली," तो म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात. मला फक्त डोरीनला भेटायचंय." आणि जाऊन परत बाकावर बसला, कारण त्याला दुसरीकडे बसायला कुणी सांगितलं नव्हतं. त्या घडीला मला त्याची दया आली. आवडलं नाही मला, पण आली.

तुरुंगाकडून हशा आला आणि पाठोपाठ डोरीनची हिरवी छत्री वर दिसली. छत्री उंच धरून ती पुढे, मागे पंधरावीस पाहुणे. ती कोपऱ्यावरून वळली. खाटकाचा सुरा थांबला.

"डोरीन," हॅरल्डने गाड्यावरून हाक दिली, "आज मनोरा आधी दाखव की. ऊन चांगलं पडलंय."

"नाहीतर आधी चहा घ्या सगळे," पॉलीन दारातून म्हणाली. "स्कोन गरम आहेत."

तिला सांभाळायला सगळे एकदम पुढे सरसावले होते, आणि त्यानेच तिला कळलं की काहीतरी आहे. तिने बाकाकडे पाहिलं. छत्री हळूहळू खाली आली. माणसाचा चेहरा इतका पांढरा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"डोरीन," लेन म्हणाला.

पाहुण्यांमधली एक बाई कॅमेरा सावरत पुढे आली. "बाबा, जरा बाजूला होता का? पट्टीचा फोटो घ्यायचाय. कोण होते हो हे?"

ते डोरीनला विचारलेलं होतं. मी मनात म्हणत होते, काहीतरी सांग आणि पुढे हो, अख्खा बाजार तुझ्या बाजूने आहे, तू फक्त पुढे हो.

"हा माझा नवरा," डोरीन म्हणाली. "हाच, बसलाय तो. तो मेलेला नाही."

पाहुणे हसले. डोरीन विनोद करते हे त्यांना आल्यापासून माहीत झालं होतं.

"खरंच सांगतेय. तो मला सोडून गेला, आणि मी लोकांना तो मेला असं समजू दिलं." ती बाजाराकडे वळली. "मी तुम्हा सगळ्यांना फसवलं. तुम्ही घंटा वाजवल्यात, बाक बसवलंत, आणि मी गप्प राहिले. मला माफ करा."

आता पाहुण्यांचं हसू मावळलं. पण आमच्या लोकांकडून काहीच नाही. त्यांना गप्प बसता येत होतं, ओळख गिळता येत होती, पण आश्चर्य वाटल्याचा चेहरा करायचं कुणाला सुचलं नाही. हॅरल्ड तार पुसत होता. पॉलीन हातातल्या चमच्याकडे बघत होती. डोरीन एका चेहऱ्यावरून दुसऱ्याकडे पाहत गेली, आणि तिच्या डोळ्यांत ते उजाडलं. लेनला पाहून बसला होता त्याहून मोठा धक्का तो होता.

"हॅरल्ड," ती म्हणाली, "तुला माहीत होतं?"

त्या चौकात कुणी कुणाला असं थेट विचारत नाही. हॅरल्डची मान लाल झाली. "डोरीन, आता पाहुण्यांसमोर कशाला..."

"माहीत होतं का नाही?"

"हो."

"आधीपासून?"

"आधीपासून."

ती पॉलीनकडे गेली. पॉलीनने नुसती मान हलवली. भाजीवाला, खाटीक, मेणबत्त्या विकणारा तो लंगडा माणूस, प्रत्येकासमोर ती उभी राहिली आणि तोच प्रश्न विचारला. खाटकाने टोपी काढली. रोपं विकणारी बाई तोंडावर हात धरून रडायला लागली. "तुला वाईट वाटेल म्हणून गं," ती म्हणत राहिली. डोरीन पुढे गेली. शेवटी ती माझ्याकडे आली.

"नलिनी, तुला?"

"नाही," मी म्हणाले. "मी खरंच रडले होते गं."

तिने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पातेलं हातात घेऊन पाहिलं होतं तितकाच वेळ. "तुझा चेहरा पाहून मला ते पिवळं काही गिळवेना," ती म्हणाली. "मी फेकून दिलं." मग तिने माझ्या दंडाला धरलं. तिची बोटं रुतत होती. पाहुण्यांना ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला. मनोरा राहिलाय."

"डोरीन, मी काय करू?" लेनने विचारलं.

"बस तिथे. मी आत्ता कामावर आहे."

मनोऱ्याचा जिना अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जातो. डोरीन पुढे, मी मागे, खाली पाहुण्यांच्या पावलांचे आवाज. अर्ध्यावर भिंतीत एक फट आहे, तिथे ती थांबली आणि दगडाला कपाळ टेकवलं. फटीतून बाजार दिसत होता. सगळे आपापल्या जागी उभे होते आणि कुणीच काही विकत नव्हतं.

"दर रविवारी चर्चमध्ये बसले की, नलिनी," ती म्हणाली. "वाटायचं, आज कुणीतरी उठेल आणि म्हणेल, ही बाई खोटारडी आहे. गुरुवारी बाकाशी आले की तेच. इतकी वर्षं. आणि ते सगळे बघत होते."

"तुझ्यावर जीव आहे गं त्यांचा," मी म्हणाले. "तुला सांभाळलं त्यांनी."

"आहे. माहितेय मला." तिने स्कार्फने नाक पुसलं. "पण एकानेही विचारलं नाही. एवढी माणसं घरी येऊन गेली. एकाने जरी विचारलं असतं ना, डोरीन, लेन कुठे आहे, तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. मला सांगायचं होतं."

खिचडी घेऊन मीही गेले होते तिच्या दारात.

खालून कुणीतरी ओरडलं, पुढे जायचं ना, का इथेच थांबायचं? डोरीनने डोळे पुसले आणि जिन्यात वाकून सांगितलं की पायऱ्या मधे झिजल्यात, भिंतीला धरून या, घाई करू नका.